क्विक-चेंज बुश: फ्लाय प्रेसवर करा, पॉवर प्रेसवर आधी उंची बांधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये लूमचे सुटे भाग निघतात: वॉशर, पट्ट्या, लहान ब्रॅकेट. एक फ्लाय प्रेस (हाताने फिरवायची स्क्रूची प्रेस) आहे आणि एक मोटरवर चालणारी २० टनी सी-फ्रेम पॉवर प्रेस. ऑर्डरी छोट्या असल्याने दिवसातून तीन-चार वेळा डाय (पत्रा कापायचं-वाकवायचं हत्यार) बदलावी लागते आणि दर वेळी पाऊण तास सेटिंगमध्ये जातो. अमेरिकेतल्या हौशी नेमबाजांच्या काडतूस भरण्याच्या हातप्रेसचा व्हिडिओ पाहण्यात आला. त्यात डाय बुशसकट (म्हणजे तिला धरणाऱ्या मधल्या कड्यासकट) थोडीशी फिरवली की निघते, दुसरी बसते, आणि पुन्हा सेटिंग करावं लागत नाही. तसे बुश टर्नरकडून करून घेतले तर आपलंही काम होईल का?

फ्लाय प्रेसवर होईल, पण सगळ्या कामांना नाही. पॉवर प्रेसवर नुसत्या बुशने काही साधणार नाही. तिथे वेळ वेगळ्याच ठिकाणी जातो.

त्या हातप्रेसवर नेमकं काय घडतं ते आधी पाहू. तिथली डाय म्हणजे बाहेरून आटे पाडलेली नळी असते. आटे ७/८ इंच व्यासाचे, इंचाला १४. म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात डाय सुमारे १.८१ मि.मी. वर-खाली होते आणि १० अंशांची चूक झाली तरी ०.०५ मि.मी.चा फरक पडतो. डाय थेट प्रेसमध्ये आटली तर ती दर वेळी नव्याने जुळवावी लागते. म्हणून हॉर्नाडीच्या लॉक-एन-लोडसारख्या प्रेसवर मध्ये एक बुश घालतात. डाय त्या बुशमध्ये एकदाच जुळवून लॉक रिंगने आवळायची. पुढे ती बुशमधून काढायचीच नाही, काढायचा तो बुश, आणि तो जुन्या बल्बच्या होल्डरसारखा घालून-फिरवून बसतो. खरी खुबी त्या फिरवण्यात नाही. उंची प्रेसवर न ठेवता हत्यारासोबत ठेवली, यात आहे. दुसरी गोष्ट सहसा नजरेतून सुटते: काम करताना रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) खालून वर ढकलतो, त्यामुळे बुशमध्ये जी काही ढिलाई असेल ती दर वेळी एकाच बाजूला दाबली जाते. ढिलाई असूनही उंची तीच येते, ती या कारणाने. तुमच्या प्रेसवर नक्कल करायची असेल तर या दोन गोष्टींची करा.

आधी फ्लाय प्रेस.

फ्लाय प्रेसच्या रॅमला खाली एक गोल भोक असतं आणि बाजूने एक स्क्रू. जुन्या प्रेसवर हे भोक बहुधा एक इंची असतं, पण मोजल्याशिवाय टर्नरला माप देऊ नका. वर्षानुवर्षं स्क्रू आवळून भोक लंबगोल झालेलं असतं, म्हणून दोन दिशांनी मोजा. या भोकात कायमचा बसणारा एक होल्डर करायचा: वर रॅमच्या भोकाला चपखल शँक (भोकात जाणारा गोल दांडा), खाली ६५ मि.मी. व्यासाचं अंग, आणि त्या अंगात खालून ४० मि.मी. व्यासाचा ३० मि.मी. खोल सॉकेट. सॉकेट एच७ मापात बोअर करून घ्या (एच७, जी६ ही भोक आणि दांडा एकमेकांत किती ढिले बसतात याची ठरलेली मापं). शँक आणि सॉकेट एकाच पकडीत टर्न झाले पाहिजेत, नाहीतर दोघांचे मध्य जुळणार नाहीत.

या सॉकेटात जाणारा बुश पंचागणिक वेगळा. वरचा भाग ४० मि.मी.चा, जी६ मापात, लांबी २८. खाली ६५ मि.मी.ची १२ मि.मी. जाड कॉलर, पकडायला नर्लिंग केलेली. मधून एम२४ गुणिले १.५ पिचचे आटे. पंच-होल्डर खालून या आट्यांत जातो आणि कॉलरच्या खाली लॉकनट बसतो. पिच १.५ असल्याने १२ अंश फिरवलं की ०.०५ मि.मी. फरक पडतो, बारीक जुळवणीला एवढं पुरेसं आहे. लॉकनट मात्र पूर्ण जाडीचा घ्या, पातळ नको. कापताना पंच वर ढकलला जातो आणि तो सगळा जोर नटमधूनच कॉलरवर येतो. पातळ नटाचे आटे त्या माराने हळूहळू बसतात आणि उंची सरकत जाते, बाहेरून काहीच दिसत नाही.

आता बुश टेकतो कुठे, हे टर्नरला कागदावर लिहून द्या. नाहीतर तो सॉकेटच्या तळाशी टेकवेल, कारण तसं करणं त्याला सोपं जातं. टेकायची जागा म्हणजे कॉलरचा वरचा चेहरा आणि होल्डरचा खालचा चेहरा. सॉकेटच्या तळाशी २ मि.मी. मोकळी जागा राहिली पाहिजे. ३० खोल आणि २८ लांब ते त्यासाठीच. बाहेरची बैठक रुंद असते म्हणून बुश कलत नाही. शिवाय ती दिसते आणि फडक्याने एका हातात पुसता येते. बंद भोकाच्या तळाशी बसलेला चिप्स आणि तेलाचा राबडा कोणी बघत नाही. सोलापुरात याला आणखी एक कारण आहे: शेजारच्या शेडमध्ये लूम चालत असतील तर कापसाचा तंतू हवेतून येऊन तेलकट पृष्ठभागावर बसतो. त्याचा दाबला गेलेला थर कागदाएवढा जाड झाला तरी ०.१ मि.मी. उंची गेलीच.

जोराचा हिशेब एकदा करून ठेवा, म्हणजे भारी स्टीलच्या मागे लागणार नाही. कापण्याचा जोर म्हणजे कापाची लांबी गुणिले पत्र्याची जाडी गुणिले शिअर ताकद. माइल्ड स्टीलला शिअर ताकद ४० किलो प्रति चौ.मि.मी. धरा. १२ मि.मी.चं भोक २ मि.मी. पत्र्यात: ३७.७ गुणिले २ गुणिले ४०, म्हणजे सुमारे ३ टन. तो कॉलरच्या साधारण २००० चौ.मि.मी. बैठकीवर आला की दाब निघतो दीड किलो प्रति चौ.मि.मी. ईएन८ला (मध्यम कार्बनच्या स्टीलला) हे काहीच नाही. होल्डर आणि बुश दोन्ही ईएन८मध्ये करा. बैठकीचे चेहरे ग्राइंड झाले म्हणजे बस.

बुश खाली पडू नये म्हणून त्याच्या वरच्या भागात समोरासमोर दोन ८ मि.मी.च्या डॉवेल पिन ठोकायच्या, ६ मि.मी. बाहेर राहतील अशा, आणि होल्डरला इंग्रजी एल अक्षराच्या आकाराच्या खाचा. पंच वर येताना पत्रा त्याला धरून ठेवतो. हा ओढा कापण्याच्या जोराच्या १० ते २० टक्के धरतात. ३ टनाला ६०० किलो. दोन पिनांत वाटला की प्रत्येकी ३०० किलो, आणि ८ मि.मी.च्या पिनेला तो ६ किलो प्रति चौ.मि.मी. पडतो. कडक डॉवेलला हे सहज झेपतं. इथे साध्या सळईचा तुकडा ठोकला तर तो वाकेल.

विकतच्या बुशमध्ये खाचेला किंचित चढ असतो, त्यामुळे फिरवताना बुश घट्ट ओढला जातो. आपल्याकडे लेथ आणि साधं मिलिंग असताना तो चढ दोन्ही खाचांत सारखा निघणं अवघड. चढ सारखा नसेल तर बुश एका पिनेवर लटकतो. त्यापेक्षा खाच सपाट ठेवा, पिनेला ०.१ ते ०.२ मि.मी. मोकळीक द्या, आणि घट्ट करण्याचं काम बाजूच्या एम१० टोकदार स्क्रूवर सोपवा. बुशला शंकूसारखा खळगा पाडायचा, पण त्याचा मध्य स्क्रूच्या मध्यापेक्षा अर्धा मि.मी. खाली. मग स्क्रूचं टोक खळग्याच्या वरच्या भिंतीला दाबतं आणि बुश वर उचलून बैठकीला लावतं. खळगा वर पडला तर स्क्रू बुशला खाली ढकलेल आणि बैठकीत फट राहील. हे उलटं होण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून पहिला बुश बसवून बैठकीत ०.०३चं फीलर (ठरावीक जाडीची पातळ पट्टी) जात नाही ना ते पाहा, मगच बाकीचे करायला द्या. हाच स्क्रू बुशला दर वेळी एकाच बाजूला दाबतो, म्हणजे आडवी ढिलाईही एका बाजूला जाते. चौकोनी किंवा लांबट पंचाचा कोनही खळग्यामुळे तोच येतो.

आता मर्यादा. ४० मि.मी.ला एच७-जी६ची जोडी घेतली की व्यासात मोकळीक ०.००९ ते ०.०५० मि.मी. येते. माइल्ड स्टीलला पंच आणि डायमधलं अंतर एका बाजूला जाडीच्या ५ ते ६ टक्के ठेवतात. २ मि.मी. पत्र्याला ०.१० ते ०.१२, बुश थोडा सरकला तरी निभावतं. १ मि.मी. पत्र्याला तेच अंतर ०.०५, आणि रॅमच्या गाइडची झीज त्यात धरली की पंचाची धार डायच्या धारेवर आदळणारच. म्हणून खिळे बसवणं, आयलेट, वाकवणं, ठसा उमटवणं, जाड पट्टीत भोक पाडणं, इतक्याच कामांना पिलर (वरचा आणि खालचा भाग सरळ रेषेत धरणारे खांब) नसलेला पंच बुशवर चालवा. पातळ पत्रा कापायचा असेल तर पिलरची डाय सेटच हवी. मग बुश रॅमला जोडण्यापुरताच उरतो, मध्य जुळवण्याची जबाबदारी त्याच्याकडे नसते.

पॉवर प्रेसवर पाऊण तास जातो म्हणता, पण तो कशात जातो हे एकदा घड्याळ लावून बघा. बहुतेक शेडमध्ये असं दिसतं: डाय आणि बोल्ट शोधणं, क्लॅम्पखाली ठेवायला तुकडे जमवणं, पिटमनचा (रॅमला ढकलणाऱ्या दांड्याचा) स्क्रू फिरवून उंची आणणं, डाय मागे-पुढे ठोकून स्लगच्या (कापून पडणाऱ्या तुकड्याच्या) भोकावर आणणं, आणि मग दोन-चार पीस वाया घालवणं. शँकचा बुश घालायला लागतात दोन मिनिटं. जपानचे शिगेओ शिंगो यांनी १९६९ साली टोयोटात १००० टनी प्रेसची डाय-बदली चार तासांवरून दीड तासावर आणि पुढे तीन मिनिटांवर आणली. त्यातली पहिली मोठी कपात महागड्या क्लॅम्पमुळे झाली नव्हती. प्रेस बंद असताना करायची कामं आणि प्रेस चालू असताना आधीच उरकता येतील अशी कामं त्यांनी वेगळी केली. तुमच्याकडेही पहिली सुटका तिथेच आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. पुढची डाय, तिचे बोल्ट, स्पॅनर आणि पत्रा, आधीचा लॉट संपायच्या आत प्रेसजवळच्या टेबलावर आलं पाहिजे. टेबल बोल्स्टरच्याच (डाय जिच्यावर बसते त्या प्रेसच्या जाड प्लेटच्याच) उंचीचं करा, म्हणजे डाय उचलावी न लागता सरकवता येईल.

दुसरी गोष्ट उंची. सगळ्या डायची बंद उंची मोजा, म्हणजे पंच डायमध्ये हवा तेवढा शिरलेला असताना खालच्या शूच्या (डायच्या खालच्या प्लेटच्या) तळापासून वरच्या प्लेटच्या माथ्यापर्यंत. कापायच्या डायला पंच अर्धा ते १ मि.मी. आत गेला की पुरे. त्याहून खोल गेला तर काप चांगला येत नाही, धार मात्र फुकट घासते. समजा चार डाय आहेत: १५२, १६०, १६८ आणि १७५. सगळ्यांना १९०वर आणा. खाली कायमच्या सब-प्लेट आवळायच्या, अनुक्रमे ३८, ३०, २२ आणि १५ मि.मी.च्या. १७५ हीच सामाईक उंची का धरायची नाही? कारण सगळ्यात उंच डायलाही जागा पकडण्यासाठी प्लेट लागणारच आहे आणि १५ मि.मी.पेक्षा पातळ प्लेट बोल्टखाली वाकते. १९० धरण्याआधी प्रेसची स्वतःची शट हाइट पाहा: रॅम खालच्या टोकाला आणि ॲडजस्टमेंट पूर्ण वर असताना बोल्स्टर ते रॅममधलं अंतर. ते निदान २०० भरलं पाहिजे, म्हणजे स्क्रूला थोडी जागा उरेल. तेवढं नसेल तर बोल्स्टर पातळ करायच्या फंदात पडू नका. सगळ्यात उंच डाय त्या कुटुंबातून बाहेर ठेवा.

प्लेटचे दोन्ही चेहरे सरफेस ग्राइंडरवर काढा, समांतरता ०.०२च्या आत. स्लगचं भोक डायच्या भोकापेक्षा बाजूला २-३ मि.मी. मोठं. प्लेटऐवजी दोन पॅरलल पट्ट्या टाकायचा मोह होतो, स्वस्त पडतात. पण पट्ट्या लांब-लांब ठेवल्या की मधला शू दर ठोक्याला खाली वाकतो. डाय प्लेटला तडा बहुतेक वेळा इथूनच जातो, आणि दोष मात्र हीट ट्रीटमेंटवाल्याच्या माथी जातो.

सामाईक उंची बांधली की पिटमनच्या स्क्रूला हात लावायची गरज उरत नाही. त्याचा लॉक बोल्ट रंगाने खूण करून ठेवा. सकाळी तपासायला एक सेटिंग ब्लॉक करा, १९०चा नव्हे, १८९.५०चा. फ्लायव्हील थांबलेलं असताना रॅम हाताने खालच्या टोकाला आणायचा आणि ब्लॉकवर ०.५०चं फीलर जातंय का पाहायचं. पूर्ण उंचीचा ब्लॉक केला आणि रॅम जरा खाली असला तर प्रेस तिथेच जाम होईल.

सगळी व्यवस्था हळूहळू मोडते ती धार लावताना. पंचाला किंवा डायला धार लावली की ०.१ ते ०.२ मि.मी. जातं. पाच-सहा धारा झाल्या की १ मि.मी. गेला आणि पंच पत्र्यातून पार होईना. मग ऑपरेटर पिटमन खाली घेतो, काम चालतं, आणि पुढची डाय बसली की तिचा पंच १ मि.मी. जास्त खोल जातो. वाकवायची किंवा ठशाची डाय असेल तर थेट ओव्हरलोड. म्हणून नियम एकच: जेवढं ग्राइंड केलं तेवढी शिम (उंची भरून काढणारी पातळ पट्टी) त्याच भागाच्या मागे. पंचातून ०.२ गेलं तर पंचाच्या मागे ०.२, डायमधून गेलं तर डाय प्लेटच्या खाली. शिम कडक पत्र्याची, पूर्ण क्षेत्रफळाची आणि स्लगच्या जागी भोक पाडलेली. कागदाची घडी किंवा पत्र्याचा त्रिकोणी तुकडा चालणार नाही. वहीत डायच्या नंबरापुढे किती गेलं आणि किती भरलं ते लिहा. ही वही ज्याच्याकडे आहे त्याचीच क्विक-चेंज टिकते.

उन्हाळ्यात सेटिंग हलतं, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. हिशेब करा: १८० मि.मी. स्टील, तापमान १५ अंशांनी वाढलं तर ०.०३ मि.मी. वाढ. प्रेसची बॉडीही जवळपास तेवढीच वाढते. बेचाळीस अंशांतही कापायच्या डायला याने फरक पडत नाही. सेटिंग हललं असेल तर लॉक बोल्ट, बॉल सीटची झीज किंवा बैठकीतला कचरा बघा.

जागा पकडण्यासाठी बोल्स्टरच्या मागच्या बाजूला १६ मि.मी.च्या दोन पिन बसवा आणि सब-प्लेटला एका ठिकाणी व्ही खाच, दुसऱ्या ठिकाणी सपाट कड. प्लेट मागे सरकवली की व्हीमुळे डावं-उजवं जुळतं आणि सपाट कडेमुळे प्लेट तिरकी होत नाही. दोन गोल भोकं आणि दोन गोल पिन असं करू नका. दोघांमधलं अंतर शंभराव्या भागात चुकलं तरी डाय हातोड्याने बसवावी लागते, आणि काढताना आणखी जास्त. सब-प्लेटची क्लॅम्पखाली येणारी कड सगळ्या डायना एकाच जाडीची ठेवा, मापं पाहता १५ मि.मी.च सोयीची. जाड प्लेटना तेवढी पायरी मिल करा. मग क्लॅम्प, टेकू आणि बोल्ट तेच राहतात. प्लेटला बाजूने उघड्या १८ मि.मी.च्या खाचा दिल्या तर एम१६ बोल्ट काढायचीही गरज नाही, नट सैल करून डाय सरकवा. सगळीकडे एम१६, म्हणजे सगळीकडे २४चा एकच स्पॅनर, आणि तो साखळीने प्रेसला बांधलेला. क्लॅम्पचा टेकू डायच्या कडेच्या उंचीइतका किंवा केसभर जास्त. कमी असला तर क्लॅम्पचं टोक फक्त कडेवर चावतं आणि चालू कामात सुटतं. बोल्ट टेकूपेक्षा डायच्या जवळ असला पाहिजे.

आता शँकचा बुश, मूळ विचारणा ज्याची होती. रॅमचं भोक ४० आणि डायचे शँक २५, ३२, ३८ असे मिळेल तसे, ही परिस्थिती सगळीकडे. उत्तम उपाय म्हणजे सगळ्या डायना ४०चाच शँक घालणं. शँक वरच्या प्लेटमध्ये आटलेला असेल तर तो बदलणं स्वस्त पडतं. फिरू नये म्हणून आट्यांच्या सांध्यात एक पिन ठोकायला विसरू नका. जिथे बदलता येत नाही तिथे चिरलेला बुश: आतून शँकला, बाहेरून रॅमच्या भोकाला सरकता बसणारा, एका बाजूला उभी २ मि.मी.ची चीर. चीर स्क्रूच्या समोर येऊ देऊ नका, ९० अंश बाजूला ठेवा, नाहीतर स्क्रूचं टोक चिरेत शिरतं.

या बुशला कॉलर नको. कॉलर असली की ती रॅम आणि वरच्या प्लेटच्या मध्ये येते, सगळा ठोका त्या अरुंद कड्यावर पडतो, प्लेट बाकावते आणि पिलर घासायला लागतात. रॅमचा सपाट चेहरा वरच्या प्लेटला पूर्ण टेकला पाहिजे. शँकची लांबीही रॅमच्या भोकाच्या खोलीपेक्षा २-३ मि.मी. कमी हवी. शँक वर आधी टेकला तर प्लेट आणि रॅममध्ये फट राहते आणि दर ठोक्याला शँकचे आटे मार खातात. शँक फक्त धरून ठेवायला आहे, ठोका झेलायला नाही आणि मध्य जुळवायलाही नाही. म्हणून त्याची फिट घट्ट नको; व्यासात ०.०५ मि.मी. मोकळीक पिलरच्या डायला चांगलीच. घट्ट शँक झिजलेल्या रॅमचा तिरकेपणा थेट पिलरवर आणतो. वरची प्लेट जड असेल तर नुसत्या शँकवर भरवसा ठेवू नका, रॅमला बोल्टची भोकं असतील तर दोन बोल्टही घाला.

प्रत्यक्ष बदलीचा क्रम असा ठेवा. मेन स्विच बंद, फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत थांबा. की-क्लचच्या (लोखंडी चावीने फ्लायव्हील पकडणाऱ्या) प्रेसवर क्लच स्वतःहून पुन्हा पकडण्याची भीती असते, म्हणून मोटर चालू ठेवून सेटिंग करणाऱ्याला प्रेसपासून दूर करा. फिरतं आणि धोक्याचं यंत्र झाकलेलं असलं पाहिजे. बदलीसाठी काढलेलं गार्ड पहिल्या पीसआधी परत जागेवर गेलंच पाहिजे. क्लच गुंतवून फ्लायव्हील बारने फिरण्याच्याच दिशेने फिरवा आणि रॅम खालच्या टोकाला आणा, डाय बंद होईल. आधी शँकचा स्क्रू सैल, मग रॅम हाताने वर, मग क्लॅम्प सैल, डाय टेबलावर. बोल्स्टर, रॅमचा चेहरा आणि नव्या डायचा तळ पुसा. फडक्यानंतर तळहात फिरवा, बर (कडेला उरलेला खरबरीत कंगोरा) बोटाला कळते. नवी डाय पिनांना टेकवा, रॅम हाताने खाली, शँक आत गेला की रॅम प्लेटला टेकल्याची खात्री करा, शँक आवळा, शेवटी खालचे क्लॅम्प. पिलरच्या डायला वरचं आधी आणि खालचं नंतर आवळलं की डाय स्वतः जागा घेते. बारने एक पूर्ण फेरा हाताने काढा, बार बाहेर ठेवा, मग मोटर. बार फ्लायव्हीलमध्ये राहून मोटर चालू होणं हा या सगळ्यातला सर्वात घातक क्षण आहे. बारला ठरलेला हुक करा, आणि बार हुकावर दिसल्याशिवाय स्विच नाही.

पहिल्या पीसची बर वाचा. सगळीकडून सारखी आणि जास्त असेल तर धार गेली. एका बाजूलाच बर असेल तर डाय तिरकी बसली किंवा पिलरचे बुश झिजले. अशा वेळी डाय ठोकून सरळ करू नका, बैठक उघडून पुसा. पीस वाकलेला येत असेल तर पंच फार खोल जातोय किंवा स्ट्रिपर (पंचावरून पत्रा सोडवणारी प्लेट) सगळीकडून सारखा दाबत नाही. स्लग पंचाबरोबर वर येत असेल तर पंच कमी शिरतोय किंवा पंच-डायमधलं अंतर जास्त आहे. पुढच्या ठोक्याला तो स्लग पत्र्याखाली आला की दुप्पट जाडी कापली जाते आणि पंच फुटतो.

टनांचा हिशेब नव्या डायला दर वेळी करा. ३० बाहेर आणि १३ आत असा वॉशर २ मि.मी. पत्र्यात एकाच ठोक्यात काढायचा तर कापाची लांबी १३५ मि.मी., जोर सुमारे १०.८ टन. २० टनी प्रेसवर बसतं. पण प्रेसचे २० टन खालच्या टोकाजवळच्या काही मि.मी.पुरतेच मिळतात, स्ट्रोकच्या मध्यावर कापायला गेलात तर क्लचची की तुटते. उंच डाय आणि जाड पत्रा एकत्र आले की हे घडतं.

खर्च कुठून सुरू करायचा? आधी वही, टेबल आणि एका मापाचे बोल्ट. मग रोज बदलणाऱ्या दोन डायच्या सब-प्लेट आणि बोल्स्टरच्या पिना. प्लेटचं ग्राइंडिंग जॉबवर सोलापुरातच करून घ्या. पंच-डायचं हीट ट्रीटमेंट मात्र जिथे कडकपणा मोजून लिहून देतात तिथेच, त्यासाठी पुणे-कोल्हापूरची फेरी पडली तरी चालेल. एचसीएचसीआरच्या (जास्त कार्बन, जास्त क्रोमियमच्या डाय स्टीलच्या) पंचाला ५८ ते ६० रॉकवेल कडकपणा मागा. शँक एकसारखे करणं त्यानंतर. फ्लाय प्रेसचा बुश-होल्डर स्वतंत्र काम आहे, तो केव्हाही करा, पण आधी एक होल्डर आणि एकच बुश. तो महिनाभर वापरून लॉकनटची आणि बैठकीची खूण हलत नाही हे दिसलं की बाकीच्या बुशांची ऑर्डर द्या.